बिननंबरी खेकडा

परवा सकाळी मार्वेच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत उभी होते. हातात कापडी पिशवी. पिशवीत दोन बेअरिंग, दोन ऑइल सील, ग्रीसची अर्ध्या किलोची बरणी आणि मामांसाठी खारी बिस्किटं. बाजूच्या मावशींनी विचारलं, "मनोरीला पाहुण्यांकडे काय?" म्हटलं, "हो, मामांकडे. गाडीचं चाक बसवायचंय." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. पंजाबी ड्रेस, ओढणी, चष्मा. "तू बसवणार?" "हो, मीच." मग बोट येईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत.

गाडी म्हणजे क्वाड. एटीव्ही. चार फुगीर टायर, मोटरसायकलसारखं हँडल, घोड्यावर बसल्यासारखं बसायचं. मामांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलं: खेकडा. तेव्हापासून घरात कुणी तिला दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही.

मी मालाडला डेंटल लॅबमध्ये काम करते. दातांच्या कॅप आणि ब्रिज बनवते, एकोणीस वर्षं झाली. हे आधीच सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

क्वाड आहे म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, मुंबईत चालवतेस कुठे? प्रश्न बरोबर आहे. या गाडीची आरटीओत नोंद नाही. नंबर प्लेट नाही, त्यामुळे डांबरी रस्त्यावर चाक ठेवायची सोय नाही. पोलारिस कंपनीने आपल्या स्पोर्ट्समन ५७० या गाडीला ट्रॅक्टर म्हणून मंजुरी घेतली आणि ती रस्त्यावर आणली. पण त्या गाडीच्या किमतीत मी माझ्या गाडीसारख्या दहा क्वाड तरी घेतल्या असत्या. शिवाय मला रस्ता नकोच होता. मामांची वाडी मनोरीत आहे, नारळ, थोडी वांगी, वाल, आणि पलीकडे खाडीच्या बाजूला भाताचा तुकडा. वाडीपासून शेतापर्यंत बांधावरून जायचं. बांधाची रुंदी साडेचार फूट, टेम्पो जात नाही. मामांचं वय अडुसष्ट आणि दोन्ही गुडघे गेलेले. बैल पाळायचे दिवस गेले, आणि हातगाडी ओढायला माणूस मिळत नाही. हे सगळं डोक्यात घोळत होतं. बाकी, मला ती चालवायला आवडते हे खरं, पण नवऱ्याला सांगताना मी मामांचे गुडघेच पुढे केले होते.

२०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ अलिबागच्या बाजूला धडकलं. त्या पट्ट्यात किनाऱ्यावर पर्यटकांना क्वाडवर चकरा मारून आणणारे बरेच जण होते. आधी टाळेबंदी, मग वादळ. त्यातल्या एकाकडून मी पुढच्या जानेवारीत ही ११० सीसीची चिनी क्वाड ४२ हजारांना घेतली. फोटोत चकाचक काळी होती. प्रत्यक्षातही चकाचक काळी होती. इतकी चकाचक का, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

टेम्पोत घालून मांडव्याहून रो-रो बोटीने भाऊच्या धक्क्याला आणली. तिथून पुढे अख्खी मुंबई ओलांडून दहिसर, भाईंदर, उत्तन, गोराई असा वळसा घालून मनोरी. मालाडला आमच्या गच्चीवरून हाक मारावी इतकी मनोरी जवळ, मध्ये फक्त खाडी. पण मार्व्याच्या बोटीत स्कूटर चढते, क्वाड नाही. बोटवाल्याने तिची रुंदी बघितली आणि हसत हात जोडले. नाक्यावर हवालदारांनी टेम्पो थांबवला. "हिची नंबर प्लेट?" टेम्पोवाला म्हणाला, "साहेब, ती गाडी नाही, माल आहे." इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

वाडीत उतरवली, पाण्याने धुतली, आणि काळा रंग पापुद्र्यांनी सुटायला लागला. खाली लालभडक गंज. चेसिसच्या खालच्या पाइपात बोट घालता येईल एवढं भोक होतं. विकणाऱ्याने गंजावर नुसता स्प्रे मारून दिला होता. मामा खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, "काय गो बाय, खेकडा कात टाकतोय काय?"

मालाडच्या मालवणीत एक म्हातारे मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. दुसऱ्या रविवारी त्यांना बोटीने घेऊन आले. चाचांनी चेसिसकडे नंतर बघितलं, आधी इंजिनापुढे उकिडवे बसले आणि हसायला लागले. "ये तो स्प्लेंडर की बहन है!" खरंच आहे ते. होंडाने १९५८ मध्ये सुपर कब नावाची छोटी गाडी काढली, त्यात सिलिंडर उभा न ठेवता जवळजवळ आडवा झोपवला होता. आपल्याकडची सीडी १००, स्प्लेंडर त्याच खानदानातल्या. चिनी कारखान्यांनी त्याच इंजिनाच्या नकला काढल्या आणि मिळेल त्या चेसिसवर बसवल्या. म्हणून माझ्या गाडीचा कुठलाही पार्ट कुठल्याही शोरूममध्ये मिळत नाही, आणि निम्मे पार्ट मालवणीच्या कुठल्याही टपरीवर मिळतात. गॅस्केट, प्लग, वायसर, सगळं घासून-पुसून बसतं. चाचांनी भोक पडलेला पाइप कापला, आतून सळई घालून वेल्डिंग केलं, आणि पैसे घेताना म्हणाले, "इंजन बच्चा है, बॉडी बुड्ढी है. बॉडी को पानी पिलाते रहना."

ते पाणी हाच पुढे सगळ्यात मोठा घोळ ठरला, पण आधी चालवायचं सांगते.

मी वीस वर्षं स्कूटर चालवतेय. मालाड स्टेशनसमोरच्या गर्दीत चालवलीय, त्यामुळे क्वाडला काय, चार चाकं, पडायची भीतीच नाही, असं मला वाटलं होतं. या समजुतीने बरेच जण हाडं मोडून घेतात. दुचाकीच्या जेवढ्या सवयी अंगात मुरल्यात तेवढ्या इथे उलट्या पडतात.

पहिली सवय म्हणजे पाय टेकवणं. स्कूटर हळू झाली, वळली, तोल गेल्यासारखा वाटला की आपला पाय आपोआप जमिनीकडे जातो. क्वाडवर पाय खाली टेकलात तर तुमच्याच गाडीचं मागचं चाक तुमच्याच टाचेवर चढतं. तिसऱ्याच दिवशी विहिरीजवळच्या वळणावर माझं हेच झालं. चप्पल चाकाखाली, पाय मागे ओढला गेला, मी अर्धी सीटवर आणि अर्धी बाहेर. नशीब, खाली मऊ माती होती. पाऊल सुजलं, दहा दिवस लॅबमध्ये एका पायात चप्पल आणि एका पायात क्रेप बँडेज. मालकांना सांगितलं, बाथरूममध्ये घसरले. त्यानंतर घोट्याच्या वर येणारे बूट घातल्याशिवाय मी किल्ली लावत नाही, आणि पाय फूटरेस्टवरच ठेवते, गाडी पडली तरी.

दुसरं वळण. या गाडीला मागे डिफरन्शियल नाही. एकच सलग एक्सल, दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरणार. वळताना आतल्या चाकाला कमी अंतर जायचं असतं, बाहेरच्याला जास्त, पण इथे दोघांना सारखंच फिरावं लागतं. म्हणून तुम्ही हँडल वळवता आणि गाडी हट्टाने सरळ जाते. मग करायचं काय, तर अंग आत झुकवायचं आणि वजन बाहेरच्या पायावर द्यायचं. त्याने आतलं मागचं चाक हलकं होतं, जरा घसरतं, आणि गाडी वळते. ऐकायला सोपं आहे. मला जमायला पाच रविवार लागले. पहिल्या चार रविवारी मामींच्या अळूच्या वाफ्यात गेले.

ॲक्सिलरेटर मुठीने पिळायचा नाही, उजव्या अंगठ्याने दाबायचा. सुरुवातीला हे मला खेळण्यासारखं वाटलं. पण खड्ड्यात गाडी उसळली की माणूस हँडल घट्ट धरतो. मूठ पिळायची असती तर त्या घाबरण्यातच गाडी आणखी पळाली असती. अंगठा मात्र उसळीबरोबर सुटतो. ज्याने हे ठरवलं त्याला माझा नमस्कार. मात्र दोन तास चालवलं की अंगठ्याच्या बुडाशी जी कळ लागते, ती सोमवारी कॅपवर कार्व्हिंग करताना जाणवते.

आणि एकाच माणसाने बसायचं. सीट लांब असते, पण ती दोघांसाठी नसते, चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकायला जागा हवी म्हणून असते. मागे कुणी बसलं की तो सरकायचा भाग संपला. हे आमच्याकडे पाहुण्यांना पटवणं सगळ्यात अवघड. "अगं, एक चक्कर!" नाही म्हणजे नाही. मी या बाबतीत वाईटपणा घेतलेला आहे.

मुळात या जातीची गाडी तीन चाकांची होती. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत काढली, मोठमोठ्या फुग्यासारख्या टायरांवर. तीन चाकं वळणावर इतकी उलटायची की १९८८ मध्ये तिथे सरकारशी समझोता करून कंपन्यांनी त्यांची विक्री थांबवली. तोवर चार चाकांच्या आल्याच होत्या. भाच्याला मी हे सांगते, तेव्हा तो म्हणतो, "आत्या, आता चार आहेत ना, मग दे चालवायला." तो चौदाचा आहे. अमेरिकेतला सरकारी सल्ला असा की सोळाच्या आतल्या मुलांना मोठ्यांची क्वाड देऊ नये. मी तो सल्ला पाळते. भाऊ म्हणतो, तू फार अमेरिकन झालीस.

त्या भाच्याचीच एक गोष्ट. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईला घासून गेलं. मामांचे पाच नारळ आडवे झाले, त्यातले दोन नेमके बांधावर. खोडं कापून घेतली, पण ओढायची कशाने? भाच्याने उत्साहाने खेकड्याच्या मागच्या कॅरिअरला दोर बांधला, वरच्या पाइपाला. मी बसले, अंगठा दाबला, खोड जागचं हललं नाही, आणि गाडीचं तोंड आभाळाकडे जायला लागलं. पुढची दोन्ही चाकं मामांच्या खांद्याच्या उंचीला. अंगठा सोडला तसं तोंड धप्पकन खाली. चूक दोराच्या गाठीच्या जागेची होती. ओढायचं वजन एक्सलच्या वर बांधलं की गाडी त्या एक्सलभोवती मागे उलटायला बघते. नंतर चाचांकडून चेसिसला खाली, एक्सलच्या खालच्या पातळीवर, हूक लावून घेतला. त्याच हुकाला आता ट्रॉली लागते. जुन्या लोखंडी कॉटचा सांगाडा आणि स्कूटरची दोन चाकं यांची ती ट्रॉली आहे. न सोललेले साठ नारळ बसतात. जास्त भरले तर मामा स्वतःच ओरडतात, म्हणजे गाडीवर त्यांचा जीव बसलाय.

आता पाणी.

मनोरी म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. हवेतच मीठ आहे. मामींच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीचे गज दोन वर्षांत पोकळ होतात. तिथे ही गाडी उघड्या नट-बोल्टांची, चेन बाहेर, बेअरिंग बाहेर. प्रत्येक फेरीनंतर धुवायची, हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला. पहिल्या वर्षी धुऊनही गंज वाढतच गेला, तेव्हा माझं डोकं चालेना. शेवटी मामींनी सहज विचारलं, "विहिरीचं पाणी एप्रिलपासून मचूळ होतं, ठाऊक आहे ना?" मला ठाऊक होतं! लहानपणापासून मे महिन्यात त्या पाण्याचा चहा आम्ही नाक मुरडून प्यायलोय. आणि त्याच पाण्याने मी गाडीचं मीठ धूत होते. आता उन्हाळ्यात नळाच्या पाण्याची एक बादली फक्त खेकड्याची. मामींनी ती मान्य केली, बदल्यात मी त्यांचा मिक्सर दुरुस्त करून आणते.

धुतानाही पाइपाला बोट लावून जोरात फवारा मारायचा नाही. तो फवारा वाळू घेऊन थेट बेअरिंगच्या सीलमधून आत जातो. मग्ग्याने ओतायचं, जुन्या टूथब्रशने घासायचं, उन्हात ठेवायचं, इंजिन पाच मिनिटं चालू करायचं म्हणजे उरलेलं पाणी उडून जातं. मग चेनला ऑइल. वायरिंगच्या सॉकेटमध्ये व्हॅसलिन भरून ठेवलंय. दुकानदार त्यासाठी वेगळं महागडं ग्रीस विकतो, पण माझं व्हॅसलिन तीन पावसाळे टिकलंय.

टायरची हवा हा एक वेगळा विनोद आहे. या टायरांना चार-पाच पीएसआय पुरते. स्कूटरच्या टायरात याच्या पाच-सहा पट असते. पंक्चरवाल्याचा मीटर दहापासून मोजायला लागतो, त्याची सुई माझ्या टायरला हलतसुद्धा नाही. एकाने माया दाखवून वीस भरून दिली होती. गाडी बांधावरून चेंडूसारखी उड्या मारत आली. आता सायकलचा पंप आणि कमी दाबाचा छोटा गेज पिशवीत असतो. आणि एक गोष्ट मी शिवणाच्या टेपने करते, मागच्या दोन्ही टायरांचा घेर मोजते. एक्सल सलग असल्यामुळे एक टायर जरा जास्त फुगलेला असला तरी गाडी एका बाजूला ओढत राहते. हँडल वाकडं झालं म्हणून मी महिनाभर टाय रॉडशी, म्हणजे हँडलपासून पुढच्या चाकांना जाणाऱ्या सळईशी, झटत होते, आणि रोग निघाला उजव्या टायरच्या हवेत.

माझ्या मूर्खपणाचा आणखी एक नमुना. नवऱ्याच्या कारच्या सर्व्हिसिंगनंतर सव्वा लिटर भारीतलं ऑइल उरलं होतं. वाया कशाला घालवा म्हणून खेकड्यात ओतलं. या इंजिनात क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, म्हणजे क्लचच्या प्लेटा एकमेकींना धरायलाच तयार नाहीत. इंजिन किंचाळतंय आणि गाडी मुंगीच्या पावलांनी. चाचांना फोन केला तर आधी दोन मिनिटं हसले. मग दोनदा ऑइल बदललं, साधं मोटरसायकलचं, डब्यावर जासो एमए लिहिलेलं, म्हणजे असल्या बुडालेल्या क्लचला चालणारं. प्लेटा शुद्धीवर आल्या. नवरा अजून म्हणतो, माझं ऑइल तिला पचलं नाही.

आता दातांचा संबंध. या इंजिनाच्या टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागात, थंड असताना ०.०५ मिलिमीटर फट लागते. ती फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांनी बघतात. एका रविवारी झाकण उघडून बसले आणि गेज मालाडला राहिलेला. पर्समध्ये मात्र आर्टिक्युलेटिंग पेपर होता. दातांच्या डॉक्टरांकडे कॅप बसवल्यावर तोंडात निळा कागद ठेवून "चावा, आता घासा" म्हणतात ना, तोच. माझ्याकडे ४० मायक्रॉनचा आणि ८० मायक्रॉनचा होता. ०.०५ मिलिमीटर म्हणजे ५० मायक्रॉन. म्हणजे ४० चा सरकला पाहिजे आणि ८० चा अडकला पाहिजे. तसं बसवलं. टॅपेटला निळे डाग पडले, पण टकटक थांबली. पुढच्या वेळी खऱ्या गेजने तपासलं, दोन्ही बरोबर निघाले. लॅबमध्ये हे सांगितलं तेव्हा आमच्या सिरॅमिकवाल्या मुलाने माझ्याकडे पहिल्यांदा आदराने बघितलं.

परवाचं बेअरिंग मागच्या उजव्या बाजूचं. ट्रॉलीला ओढताना कोपऱ्यावर चरचर येत होती. गाडी उचलून दगडावर ठेवली, टायर वर-खाली हलवला, बोटभर खेळ. एक्सल ३० मिलिमीटरचा, बेअरिंग ६००६. दीड वर्षापूर्वी मी हेच बेअरिंग जवळच्या दुकानातून झेडझेड घेतलं होतं. झेडझेड म्हणजे बाजूला पत्र्याची झाकणं. झाकण आणि आतली रिंग यांच्यात केसभर फट राहते, आणि मनोरीच्या वाळूला तेवढी पुरते. चार महिन्यांत आतले छर्रे चॉकलेटी पिठात लोळत होते. तेव्हापासून २आरएस, दोन्ही बाजूंना रबराचं सील असलेलं. ते घ्यायला नागदेवी स्ट्रीट. गोरेगावला जाऊन हार्बरची लोकल पकडली की थेट मस्जिद, मग चालत. त्या गल्लीत गाडीचं नाव सांगायचंच नाही. "क्वाड बाईकचं" म्हटलं की शेठ गोंधळतात, भाव वाढतो. नुसता नंबर सांगायचा, ६००६-२आरएस, दोन. खोक्यावरचं नाव आणि बेअरिंगच्या रिंगवर कोरलेलं नाव एकच आहे ना, ते बघायचं, हातात फिरवून कानाशी धरायचं. दातांच्या हँडपीसमधली, म्हणजे ड्रिलमधली, तांदळाएवढ्या छर्‍यांची बेअरिंगं ऐकून माझे कान तयार झालेत. शेठनी विचारलं, "पंखे के लिए?" मी हो म्हटलं.

मनोरीला पोचल्यावर पहिलं काम, बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मामींच्या फ्रीजरमध्ये. बोंबलाच्या शेजारी. गार लोखंड आकसतं, दोन तासांनी ते आपल्या जागेत निम्म्या कष्टात जातं. तोवर चाक काढलं. एक्सलचे दोन मोठे नट एकमेकांवर आवळलेले असतात, त्यांचा पाना बाजारात मिळेना म्हणून चाचांनी पट्टी कापून बनवून दिलाय. एक नट सुटला, दुसऱ्याचे आटे मिठाने खाल्लेले. डिझेल टाकून चहा प्यायला, पुन्हा टाकून जेवलो, मग सुटला. नवं बेअरिंग ठोकताना जुनं बेअरिंग त्याच्यावर ठेवून ठोकायचं, म्हणजे मार बाहेरच्या रिंगवर बसतो. आतल्या रिंगवर एक जरी हातोडा पडला तरी छर्‍यांच्या वाटेत खळगे पडतात, आणि नवं बेअरिंग बसवताक्षणी जुनं होतं. हे मला कुणी शिकवलं नाही, मी एक जोडी वाया घालवून शिकले.

हो, आणि किनारा. सगळ्यांना वाटतं मी सूर्यास्ताला समुद्रावर भरधाव जात असेन. एकदाच नेली होती, पहिल्या महिन्यात, पहाटे. वलांडीवर बोंबील सुकत होते, त्यांच्या बाजूने गेले. वाळू उडाली. एक आजी काठी घेऊन आली आणि तिने मला माझ्या आजोळाच्या भाषेत जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मथितार्थ असा की हे बोंबील तुझा बाप धुऊन देणार का. ती बरोबर होती, मी गाडी बंद करून ढकलत परत नेली. वाळूतून, गुडघाभर घामाने. शिवाय २०१८ च्या मार्चमध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं निघालेली मी स्वतः टीव्हीवर बघितली होती. म्हणजे आपल्याकडची वाळू दिसते तेवढी रिकामी नसते. तेव्हापासून खेकडा फक्त वाडी आणि बांध. बांधावरून गोराईचा पॅगोडा दिसतो, भाताच्या दिवसांत बगळे असतात, आणि ताशी पंधराच्या वर जायची सोय नाही. मला तेवढं पुरतं.

परवा साडेपाचला चाक बसलं. मामांनी हँडल धरून एक फेरी मारली, चरचर गेली होती. परत येताना त्यांनी ट्रॉलीत माझ्यासाठी नारळ टाकून आणले, अठरा. वाडीच्या फाटकापर्यंत खेकड्याने ते सुखात आणले. फाटकापुढे डांबर सुरू होतं. मामांनी इंजिन बंद केलं, मी नारळ दोन पिशव्यांत भरले, बेअरिंगची रिकामी खोकी वर खुपसली, आणि धक्क्याकडे चालायला लागले.